धूप ठेवायची डबी, जाळायची नव्हे

वाचकांचे प्रश्न : घरातल्या जुन्या वस्तू

प्रश्न : मुलगा कंपनीच्या कामानं जपानला गेला होता. येताना नारा शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यानं एक लाकडी डबी आणली. गोल, झाकणाची, तळहातात मावेल एवढी. बाहेरून लाकूड जसंच्या तसं, करडं-तपकिरी. झाकणावर किड्यांची बारीक भोकं आणि एका कडेला खिळ्याचं काळं छिद्र. आतून काळीकुळकुळीत लाख. सोबत फिक्या, हलक्या लाकडाची पेटी, तिच्यावर शाईनं जपानीत काहीतरी लिहिलंय. दुकानदार म्हणाला, देवळाच्या जुन्या लाकडाची आहे, धुपासाठी वापरतात. आम्ही देवघरात ठेवून तिच्यात धूप लावणारच होतो, पण सूनबाई म्हणाली, आधी कुणाला तरी विचारा. भोकं बुजवून पॉलिश करून घ्यावी का? आणि तेराशे वर्षांचं लाकूड असं मुलगा सगळ्यांना सांगतोय, ते खरं असेल का?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : सूनबाईंनी थांबवलं हे फार चांगलं झालं. ही धूप ठेवायची डबी आहे, जाळायची नाही. आत निखारा किंवा पेटता धूप ठेवलात तर लाखेला फोड येतील, पापुद्रे सुटतील, आणि इतकं जुनं सुकं लाकूड पेट घ्यायला वेळ लावत नाही. जळलेली लाख पूर्ववत होत नसते. धुपाटण्याचं काम धुपाटण्याकडेच राहू द्या.

जपानी लोक हिला कोगो म्हणतात आणि तिची खरी जागा चहाच्या समारंभात आहे. चहाचं पाणी तापवण्यासाठी यजमान पाहुण्यांच्या समोर बसून कोळसा रचतो. पिसांच्या झाडणीनं कडा झाडतो, धातूच्या दोन कांड्यांनी एकेक कोळसा ठरल्या जागी ठेवतो. सगळं मनासारखं बसलं की कोगोचं झाकण उघडतो आणि आतला सुगंधी तुकडा निखाऱ्याजवळ गरम राखेवर ठेवतो. खोलीत कोळशाचा वास कोंडू नये, मन निवांत व्हावं, एवढाच हेतू. झाकण लागलं की मुख्य पाहुणा विचारतो, कोगो बघायला मिळेल का? मग ती डबी पाहुण्यांपुढे येते. जो तो ती आळीपाळीनं बघतो, तीही चटईपासून हात फार वर न उचलता, म्हणजे सुटली तरी उंचावरून पडायला नको. घडवली कुणी, आत सुगंध कोणता, हे विचारायचं असतं आणि यजमानानं सांगायचं असतं. समारंभातली ही सगळ्यात लहान वस्तू, पण तिच्याबद्दलची चौकशी मोठी.

ऋतूप्रमाणे कोगो बदलते. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत खोल केलेल्या चुलीत कोळसा असतो, तेव्हा चिनीमातीची डबी आणि तिच्यात मधात किंवा आलुबुखाऱ्यासारख्या फळाच्या गरात मळलेल्या सुगंधी गोळ्या. मे ते ऑक्टोबर चूल बंद करून वर शेगडी ठेवतात, तेव्हा लाकडाची किंवा लाखेची डबी आणि आत चंदनाचे चपटे तुकडे. तुमची लाकडाची, म्हणजे उन्हाळ्याची. आणि चंदन जपानात होत नाही. तिथे सगळ्यात जास्त मान आपल्या दक्षिणेतल्या, म्हैसूरकडच्या चंदनाला आहे. तेव्हा तुमच्या घरी आलेल्या डबीत काय ठेवायचं, याचं उत्तर आपल्याच देशात पिकतं.

आता तेराशे वर्षांचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मुलानं चारचौघांत सांगायला सुरुवात केली आहे.

देवळाचं जुनं लाकूड बाहेर येतं कुठून? जपानातली मोठी लाकडी देवळं ठरावीक काळानं उतरवून दुरुस्त करतात. खांब, तुळया, कौलं, सगळं सुटं करायचं, सडलेला भाग कापून तिथे नवं लाकूड सांध्यात बसवायचं, आणि पुन्हा उभं करायचं. नाराजवळच्या होर्यूजीचं असं काम १९३४ साली सुरू झालं आणि १९८५ पर्यंत चाललं. तिथल्या इमारती सातव्या-आठव्या शतकातल्या, जगात आज उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती म्हणून त्यांची नोंद आहे. अशा कामात जे तुकडे परत बसवता येत नाहीत त्यांतले काही चहाच्या जगातल्या कारागिरांकडे जातात. त्यांतून कोगो होतात, तबकं होतात. खिळ्याचं छिद्र, किड्यांची भोकं मुद्दाम दिसतील अशी राखतात. तुमच्या झाकणावरचं छिद्र अशाच कुठल्यातरी खिळ्याचं असणार. ते दोष नाही, तोच या वस्तूचा पुरावा आहे.

पण पुरावा कशाचा? नारातलंच तोदाइजी घ्या. महाबुद्धाची मूर्ती तिथे ७५२ साली प्रतिष्ठित झाली, म्हणून लोक ‘तोदाइजीचं लाकूड’ म्हटलं की लगेच आठवं शतक म्हणतात. प्रत्यक्षात त्या मूर्तीचं भव्य सभागृह ११८० साली युद्धात जळालं, पुन्हा बांधलं, १५६७ साली पुन्हा जळालं. आज जे उभं आहे ते १७०९ मध्ये पूर्ण झालेलं. त्याच्या छताच्या दोन महाकाय तुळया दूर क्यूशू बेटावरून आणलेल्या लाल पाइनच्या आहेत. म्हणजे तिथल्या दुरुस्तीतून निघालेला तुकडा तीनशे वर्षांचा असू शकतो, विसाव्या शतकात बसवलेल्या फळीचाही असू शकतो. अंगणातल्या दुसऱ्या एखाद्या इमारतीचा असेल तर हिशेब आणखी वेगळा.

बरं, लाकूड तपासून सांगता येत नाही का, असं तुम्ही विचाराल. झाडाच्या वार्षिक वलयांवरून वय काढता येतं, पण त्यासाठी सलग पुष्कळ वलयं लागतात, साधारण शंभराच्या आसपास. तळहाताएवढ्या डबीत तेवढी मिळणं कठीण. आणि मिळाली तरी वलयं झाडाचं वय सांगतात, इमारतीचं नाही. होर्यूजीच्या पाचमजली मनोऱ्याचा मधला खांब तपासला तेव्हा त्याचं झाड ५९४ साली तोडलेलं निघालं. गंमत अशी की जुन्या जपानी इतिवृत्तात होर्यूजी ६७० साली जळून खाक झाल्याची नोंद आहे आणि आजचा मनोरा त्यानंतरचा धरतात. मग शंभरेक वर्षं आधी तोडलेलं झाड तिथे आलं कुठून, यावर विद्वान अजून वाद घालतात. इतक्या अभ्यासलेल्या खांबाची ही कथा, तर सुट्या डबीची काय सांगावी!

म्हणून माझं म्हणणं असं. तुमच्या डबीचं नातं कोणत्या देवळाशी आहे हे लाकडातून कळणार नाही, पेटीवरच्या अक्षरांतून कळेल. ती फिक्या लाकडाची पेटी पॅकिंग नाही. किरी नावाच्या हलक्या लाकडाची असणार ती, आणि तिच्या झाकणावर वस्तूचं नाव लिहायची पद्धत आहे. झाकण उलटं करून आतल्या बाजूलाही बघा. तिथे कारागिराची सही असते, कधी देवळाच्या प्रमुखानं किंवा चहाच्या आचार्यानं लिहिलेल्या ओळी असतात. डबीच्या तळाशी डागणीची छोटी खूण आहे का तेही बघा. काही देवळं आपल्या लाकडावर असा शिक्का डागतात. या सगळ्यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि जपानी वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. त्या अक्षरांत देवळाचं नाव, इमारतीचं नाव, दुरुस्तीचं साल सापडलं तर अभिमानानं सांगा. फक्त ‘जुन्या लाकडाची’ एवढंच निघालं तर तेवढंच सांगा. डबी एका कपाटात आणि पेटी माळ्यावर, असं कृपा करून करू नका. मी संग्रहालयात लाकडी वस्तूंची देखभाल करत आयुष्य काढलं आहे. चांगल्या-चांगल्या घरांतून आलेल्या वस्तू मी अनाथ झालेल्या पाहिल्या, त्या याच कारणानं. वस्तू राहिली, चिठ्ठी गेली.

पॉलिश? अजिबात नको. फ्रेंच पॉलिश, मेण, जवसाचं तेल, खोबरेल, काहीही नको. हे लाकूड बहुधा हिनोकी असेल, सायप्रससारख्या सूचिपर्णी झाडांच्या कुळातलं. होर्यूजीचे मुख्य सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) सांगत की तिथल्या हजारावर वर्षांच्या लाकडावर रंधा फिरवला तरी आतून ताज्या हिनोकीचा वास येतो. जपानी लाकूडतज्ज्ञ कोहारा जिरो यांनी मोजमापं करून दाखवलं की हिनोकी तोडल्यावर दोनेकशे वर्षं आणखी मजबूत होत जातं आणि मग फार सावकाश उतरतं. अशा लाकडाला आपल्या चमचमत्या थराची गरज नाही. वरचा करडा रंग ऊन-पाऊस खाऊन आलेला आहे. तो एकदा घासला की परत आणता येत नाही.

भोकं बुजवायची नाहीत, पण किडा जिवंत आहे का हे मात्र बघायला हवं. डबी काळ्या कागदावर ठेवून पंधरा-वीस दिवस हलवू नका. कागदावर फिक्या रंगाची बारीक भुकटी पडली, किंवा एखाद्या भोकाची कड स्वच्छ, ताज्या लाकडाच्या रंगाची दिसली, तर किडा चालू आहे. मग ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून घरातल्या बाकी लाकडी सामानापासून बाजूला ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. वाळवीचं औषध सिरिंजनं सोडू नका. ते लाखेवर उतरलं तर डाग कायमचा. भोकांच्या कडा काळपट असतील, आत जुनी धूळ असेल, भुकटी पडत नसेल, तर किडा केव्हाच गेलेला आहे. बहुतेक वेळा असंच निघतं.

खरी काळजी नागपूरची. नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या वर, हवा कोरडीठाक, आणि रात्री कूलर लावला की खोली ओलीगच्च. जपानी लाख ओलाव्यातच घट्ट होते आणि तिला दमट हवा मानवते. आपली मे महिन्यातली दुपार तिला सोसवत नाही, आणि उन्हातले अतिनील किरण तर तिचे वैरीच. म्हणून खिडकीशेजारची शोकेस नको, कूलरच्या झोतात नको, फ्रिजच्या डोक्यावर नको. घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीतली आलमारी, तिच्यात किरीची पेटी, पेटीत मऊ सुती कापड, कापडात डबी. किरीची पेटी दमट हवेत फुगून आपले सांधे आवळते, त्यामुळे आतला ओलावा एकदम बदलत नाही. जुन्या जपानी घरांत किमती वस्तू याच लाकडात ठेवत आलेत. पेटीत डांबरगोळी किंवा कापूर टाकायची आपली सवय इथे आवरा. एक तर त्यांची वाफ चांगली नाही, दुसरं म्हणजे सुगंधाच्या डबीला कायमचा गोळ्यांचा वास लागेल.

जुलैत पाऊस लागला की कदाचित झाकण घट्ट बसेल. घाबरू नका, पिळू नका, सुरीचं टोक तर मुळीच घालू नका. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतं, उभ्या दिशेनं जवळजवळ नाही, त्यामुळे गोल झाकण पावसाळ्यात किंचित लंबगोल होतं. दिवाळीपर्यंत आपोआप सैल होईल. पुसायचं असेल तर कोरड्या मऊ कापडानं, आणि आत लाखेवर बोटांचे ठसे राहिले तर त्याच कापडाच्या हलक्या हातानं.

आणि हे सगळं वाचून ती डबी पुरून ठेवू नका. घरी कुणी पाहुणा आला की चंदनाचे दोन तुकडे तिच्यातून काढून धुपाटण्यातल्या गरम राखेवर ठेवा. त्यासाठीच ती केली आहे.

प्रश्न : आमचा महाल भागातला वाडा येत्या हिवाळ्यात उतरवणार. सागवानी खांब, तुळया, कडीपाट, महिरपी, सगळं जुनं लाकूड घेणारा ठेकेदार घाऊक भावात मागतोय. बहीण म्हणते, भावंडांत प्रत्येकाला आठवण म्हणून वाड्याच्या लाकडाची एकेक डबी करून घेऊ, जपानी लोक देवळाच्या लाकडाची करतात तशी. करता येईल? काय जपायचं?
– एक वाचक, महाल

उत्तर : बहिणीला माझा नमस्कार कळवा. कल्पना फार चांगली आहे आणि सागवान त्याला उत्तम. आपल्या आलापल्ली-बल्लारपूरकडचा साग असेल तर विचारायलाच नको. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी तिकडचाच साग गेला.

पण सुताराला बोलवायच्या आधी फोटोवाल्याला बोलवा. वाडा उभा असताना प्रत्येक खांबाचा, चौकटीचा फोटो, आणि खडूनं नंबर. ओसरीचा डावा खांब, माजघराची तुळई, देवघराचा उंबरठा, असं वहीत लिहून काढा. लाकडं एकदा अंगणात रचली की कोणती कुठली हे घरच्या म्हाताऱ्या माणसालाही ओळखता येत नाही.

ठेकेदाराशी बोलताना आधीच ठरवून घ्या की कोरीव महिरपी आणि एक तरी अख्खा सांधा, म्हणजे खांब आणि तुळई जिथे एकमेकांत बसलेत तो भाग, तुम्ही ठेवणार. डब्यांसाठी हे कापू नका. डब्या साध्या, नक्षी नसलेल्या तुळईतून करा. तीतून हव्या तेवढ्या निघतील. कोरीव काम आज परत कुणी करून देणार नाही, आणि सांधा बघितल्याशिवाय तुमच्या नातवंडांना कळणार नाही की वाडा खिळ्यांवाचून कसा उभा होता.

खराद्याकडे देण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा. जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात. ते खरादावर हत्याराला लागले तर हत्यार तुटतं आणि माणसाला इजा होते. लोखंड असलेला तुकडा टाकून न देता खिळ्याचं काळं छिद्र झाकणात येईल असा कापायला सांगा, मात्र खिळा आधी काढून.

सागाला स्वतःचं तेल असतं, त्यामुळे त्यावर वार्निश कधी-कधी नीट धरत नाही. बाहेरून काहीच लावू नका. साग तसाच सुंदर म्हातारा होतो. आत सुगंधी वस्तू ठेवायची असेल तर सागाचा चामड्यासारखा वास मिसळतो, म्हणून चंदनाचे तुकडे पातळ कागदाच्या पुडीत ठेवा. डबी ओल्या तुळईची करू नका. पावसात भिजलेली असेल तर सावलीत वाळू द्या, नाहीतर झाकण वर्षभरात वाकडं होईल.

आणि तळावर लिहा. खरादानंतर पहिलं काम हेच. वाड्याचा पत्ता, तुळई कुठल्या खोलीची, कोणत्या साली उतरवली. पेन्सिलनं लिहा, शाई सागात पसरते. मग त्या डब्या कुठेही गेल्या, पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला, तरी महालातला तुमचा वाडा त्यांच्या तळावर राहील.

वाड्यात खासगी देऊळ असेल आणि त्याचा विश्वस्त मंडळाशी काही संबंध असेल, तर त्यातली लाकडं वाटून घेण्याआधी विश्वस्तांची लेखी परवानगी घ्या. नंतर भावकीत तोंड वाकडं व्हायला नको.

प्रश्न : मैत्रीण जपानला गेली होती, तिनं मला अशीच छोटी धुपाची डबी दिली. आम्ही दर पौर्णिमेला कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराला जातो. घरी वंदनेच्या वेळी ही डबी बुद्धमूर्तीपुढे ठेवली तर चालेल का? की ती फक्त चहासाठीच असते?
– एक वाचक, इंदोरा

उत्तर : जरूर ठेवा, ताई. चहाच्या खोलीत ती जशी असते तशीच जपानी विहारांतही असते. भिक्खू धुपाटण्याशेजारी कोगोत सुगंधी चुरा किंवा तुकडे ठेवतात आणि वंदनेच्या वेळी चिमूटभर काढून निखाऱ्यावर सोडतात. ड्रॅगन पॅलेस जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं १९९९ साली उभं राहिलं हे तुम्हाला माहीत असेलच. पण हे येणं-जाणं फार जुनं आहे. तोदाइजीच्या महाबुद्धाचे डोळे ७५२ साली ज्यांनी रंगवून उघडले ते बोधिसेन भारतातून गेलेले भिक्खू होते. ७३६ साली ते जपानला पोचले आणि तिथेच राहिले. तुमच्या घरी ती डबी मूर्तीपुढे ठेवणं यात परकं काही नाही.

उदबत्ती मात्र वेगळ्या उदबत्तीदाणीत लावा, डबीपासून हातभर लांब, म्हणजे राख लाखेवर पडणार नाही. मेणबत्तीची उष्णताही तिला लागू देऊ नका. आत चंदन ठेवा, ते विश्वासाच्या दुकानातून, पावती घेऊन. सुगंध खोडाच्या आतल्या पिवळसर-तपकिरी गाभ्यात असतो. पांढरट तुकडे बाहेरच्या भागाचे, त्यांना वास नसतो, म्हणून काही दुकानांत त्यांवर तेल चोळून देतात. तुकडा कोऱ्या कागदात रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग उमटला तर तो परत करा. चंदनाचं तेल थेट डबीत मुळीच घालू नका. ते लाखेवर चिकट बसतं आणि मग निघत नाही.